बर्फाळ प्रदेशात मोठी एसयूव्ही सोडून लहान गाडी घ्यावी का?

शिशिरा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सात आसनांची मोठी एसयूव्ही आहे. मुले शिकायला बाहेर पडल्यापासून तिच्या मागच्या दोन्ही रांगा बहुतेक वेळा रिकाम्याच असतात, इंधन मात्र पूर्वीइतकेच लागते आणि पार्किंगमध्ये जागा शोधताना दर वेळी खोळंबा होतो. पुढच्या हिवाळ्याच्या आत ती देऊन टाकावी आणि फ्रंट-व्हील ड्राइव्हची, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी, एखादी हॅचबॅक किंवा लहान सेडान घ्यावी, असे माझ्या मनाने घेतले आहे. यजमानांचे मत अगदी उलट आहे. जिथे हिवाळाभर बर्फ पडतो तिथे उंच, जड आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडीच हवी, असे ते ठामपणे सांगतात.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. मुख्य रस्ते बर्फ थांबला की लवकर साफ होतात. आमची गल्ली मात्र चढावर आहे आणि तिथे स्नो-प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला लोटणारे वाहन, सर्वांत शेवटी येतो. कामावर रोज जावेच लागते. घरी सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीत चढणे-उतरणे हाही विचार आहेच. ज्यांनी मोठ्या गाडीवरून लहान गाडीवर येऊन बर्फातले हिवाळे काढले आहेत, त्यांनी अनुभव कारणांसह लिहिले तर आम्हा दोघांनाही निर्णय घेणे सोपे जाईल.

चाकोरी

शिशिराताई, मी मोठ्या गाडीवरून लहान हॅचबॅकवर आलो त्याला आता बरीच वर्षे झाली आणि पुन्हा मागे जावेसे कधी वाटले नाही. पण आमच्याकडे प्रत्येक हिवाळ्याच्या सुरुवातीला चारही चाकांना खरे हिवाळी टायर चढतात. ही अट पाळायची नसेल, तर माझे पुढचे सगळे म्हणणे रद्द समजावे.

उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत रुतून बसेनासे होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने काप दिल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरा उघडतात, बर्फात रुततात आणि बर्फ धरून ठेवतात, आणि बर्फाची पकड बर्फावर उत्तम बसते. विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का, ते पाहावे. नुसते ‘एम अधिक एस’ (M+S, चिखल आणि बर्फ) असे लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नये, कारण ते अक्षरचिन्ह नक्षीच्या घडणीपुरते असते आणि त्यासाठी बर्फावरची कोणतीही चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एकच सांगतो. ती गाडी जागेवरून हलवायला आणि चढ चढवायला मदत करते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, लहान असो वा मोठी. त्यामुळे थांबताना त्या यंत्रणेचा काहीही उपयोग होत नाही, तिथे फक्त टायर कामाला येतो.

लहान गाड्या बर्फात चालत नाहीत असे म्हणणाऱ्यांना मी हिवाळ्यात होणाऱ्या माँटे कार्लो या मोटार रॅलीचा दाखला देतो. १९६२ आणि १९६३ साली एरिक कार्लसन यांनी ती साब ९६ घेऊन जिंकली. १९६४, १९६५ आणि १९६७ साली ती मिनी कूपरने जिंकली, आणि त्यातली १९६५ ची शर्यत जबर हिमवर्षावात झाली होती. या दोन्ही गाड्या फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या होत्या, आणि मिनी तर आजच्या बहुतेक हॅचबॅकपेक्षाही लहान होती.

घाटपांथस्थ

चाकोरी यांचा प्रतिसाद मुद्देसूद आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. जगातला सर्वोत्तम टायर लावला तरी गाडीचे पोट जर बर्फावर टेकले, तर चाकांवरचा भार निघून जातो आणि ती नुसतीच गरगर फिरतात. त्या वेळी टायरही कामाचा नाही आणि ऑल-व्हील ड्राइव्हही नाही. बहुतेक लहान गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि रस्ता यांतले अंतर, १३ ते १५ सेंटीमीटर असतो, एसयूव्हींचा साधारण १८ ते २२. रात्रभर २० सेंटीमीटर बर्फ पडला आणि सकाळी गल्ली साफ झालेली नसेल, तर लहान गाडी बंपरने बर्फ ढकलत थोडी पुढे जाईल आणि मग अडकेल.

त्यातही खरी डोकेदुखी असते ती प्लाऊ जाऊन आल्यानंतरची. तो रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला लोटतो आणि आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी एक आडवा बांध उभा राहतो. आकाशातून पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, फावड्याने सहज उडवता येतो. या बांधातला बर्फ तसा नसतो. त्यात रस्त्यावरचे मीठ असते, अर्धवट वितळलेले पाणी असते, गोठलेली ढेकळे असतात, आणि तासाभरात तो सगळा लगदा थिजून दगडासारखा होतो. मी वर्षानुवर्षे असा बांध उंच गाडीने हळूच पार करून कामावर वेळेत पोहोचत आलो आहे. ज्यांच्या गल्लीत प्लाऊ सर्वांत शेवटी येतो त्यांनी उंची गमावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

पहाटवारा

घाटपांथस्थ, मुद्दा पटला, पण असे दिवस वर्षातून किती येतात याचा हिशेब कोणी ठेवतो का? चार-दोन सकाळींसाठी वर्षभर दीडपट जड गाडी फिरवायची की त्या सकाळी तासभर उशिरा निघायचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या नोकरीचे स्वरूप पाहूनच सोडवावा लागेल.

घाटपांथस्थ

माझी नोकरी रुग्णालयातली आहे, पहाटवारा. पाळी बदलायच्या वेळेला मी पोहोचलो नाही तर रात्रभर जागलेल्या सहकाऱ्याला घरी जाता येत नाही. तासभर उशीर ही सोय सगळ्यांना नसते.

पहाटवारा

हे मान्य. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेते.

यंत्रवेल

चर्चा चांगल्या वळणावर आहे. वाहनांच्या ब्रेक यंत्रणेवर काम करत असल्यामुळे वजनाच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘जड गाडी बर्फावर घट्ट बसते’ हे वाक्य मी फार वेळा ऐकतो.

गाडी जड असली की चाकाखाली मिळणारे घर्षण वाढते हे खरे आहे. पण जितके वजन वाढते, तितकाच थांबवायचा भारही वाढतो. म्हणून टायर तोच आणि वेग तोच असेल, तर थांबायला लागणारे अंतर वजनामुळे कमी होत नाही. वळणावरही हाच न्याय लागू होतो. जड गाडी घसरली तर तिच्यातली ऊर्जा मात्र जास्त असते, आणि समोर जे काही असेल त्याला ती जास्त जोराने धडकते. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन गाड्यांची टक्कर झाली तर जड गाडीतल्या माणसांना सहसा कमी इजा होते. ज्यांना मोठ्या गाडीत सुरक्षित वाटते, त्यांची ही भावना निराधार नाही.

उंचीमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि गाडी घसरून कडेला आपटली तर उलटण्याची शक्यता वाढते. आता स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सगळीकडे आल्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना बंधनकारक आहे. ही यंत्रणा एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडी सरळ ठेवते, पण तिलाही शेवटी टायरच्या पकडीतूनच काम करून घ्यावे लागते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो जाणिवेचा मुद्दा. फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या गाडीत पुढचे चाक जरासे सुटले की स्टिअरिंगमधून, आवाजातून, डॅशबोर्डवर लुकलुकणाऱ्या दिव्यातून चालकाला लगेच कळते की रस्ता निसरडा आहे. ऑल-व्हील ड्राइव्हची गाडी त्याच रस्त्यावर निमूटपणे वेग घेते. रस्ता किती निसरडा होता हे चालकाला कळते ते थेट पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबल्यावर. हिमवादळानंतर महामार्गाच्या कडेच्या खड्ड्यात इतक्या मोठ्या गाड्या का दिसतात, याचे एक कारण मला यात दिसते.

रस्तेमाप

यंत्रवेल यांच्या भौतिकशास्त्राशी वाद नाही, पण गाडी चालवणे म्हणजे केवळ घर्षण नव्हे. मी दोन वर्षांपूर्वी सेडान घेतली आणि मला सर्वांत जास्त उणीव भासली ती नजरेची. कडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगांमुळे चौकात उजवीकडून-डावीकडून येणारी वाहने उंच गाडीतून दिसतात, बसक्या गाडीतून दिसत नाहीत. गाडीचे नाक पुढे काढल्याशिवाय अंदाजच येत नाही. महामार्गावर पुढचा ट्रक मीठमिश्रित चिखल उडवतो आणि तो थेट माझ्या काचेच्या उंचीवर येतो. वायपर फिरवले की काचभर पांढुरका पट्टा पसरतो, आणि धुण्याचे द्रावण संपले असेल तर काही क्षण समोरचे काहीही दिसत नाही.

गाडी चालते, थांबते, वळते, सगळे व्यवस्थित करते. पण लांबच्या प्रवासात मी पूर्वीपेक्षा अधिक थकतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

चाकोरी

रस्तेमाप, हा त्रास मलाही आहे. दर हिवाळ्याला नवे वायपर, उणे तापमानात न गोठणारे द्रावण आणि त्याचा एक भरलेला कॅन कायम डिक्कीत, एवढे केल्यावर तो बराच सुसह्य होतो. ट्रकपासून अंतरही मी दुप्पट ठेवतो. चौकातल्या ढिगांवर मात्र माझ्याकडेही उपाय नाही.

अपर्णा_द

शिशिराताईंच्या सासूबाईंचा मुद्दा कोणीच उचलला नाही, म्हणून लिहिते. माझ्या आईचेही गुडघे दुखतात. आमच्या उंच एसयूव्हीत तिला पाय उचलून पायरीवर चढावे लागे आणि बर्फ असताना ती पायरी निसरडी होई. त्यानंतर घेतलेल्या बसक्या सेडानमध्ये तिला खाली वाकून आत जावे लागे, आणि उतरताना गुडघ्यांवर सगळा भार देऊन उठावे लागे. दोन्ही प्रकार तिला त्रासदायकच होते. तिला सोपी गेली ती मधल्या उंचीची गाडी. आसन तिच्या कमरेच्या पातळीवर येते, त्यामुळे ती आधी आसनावर टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. लहान गाडी म्हणजे बसकीच गाडी असे मुळीच नाही, लांबीला लहान आणि आसनाला उंच अशा हॅचबॅक पुष्कळ आहेत. सासूबाईंना शोरूममध्ये सोबत न्या, जाड कोट आणि हिवाळी बूट घालूनच बसायला सांगा. उन्हाळ्यातल्या कपड्यांत सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात.

दूरचा_पाहुणा

हा प्रश्न निरनिराळ्या देशांचे कायदे कसा पाहतात, हे ताडून बघण्यासारखे आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथल्या मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी परिस्थिती असेल तर ते लागतात, आणि त्यांची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल असावी लागते. ऑस्ट्रियात रेडियल हिवाळी टायरसाठी हीच मर्यादा ४ मिलिमीटर आहे. जर्मनीत तारखा नाहीत, रस्त्याची अवस्था पाहून नियम लागू होतो. तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकण असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात, म्हणजे चाकोरी यांनी वर सांगितलेली ‘एम अधिक एस’ची गोष्ट तिथे आता कायद्यानेच निकालात निघाली आहे.

यातल्या एकाही नियमात ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर हिवाळी टायरमधून सूट मिळत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बर्फ पाहिला आहे त्यांनी गाडीच्या आकाराला हात न लावता टायरचा नियम केला, हे मला फार बोलके वाटते.

घाटपांथस्थ

कायदा किमान पातळी ठरवतो, सोय ठरवत नाही. या देशांतल्या बर्फाळ डोंगराळ भागांत चारचाकी ताकदीच्या गाड्या लोक आवडीने घेतातच की. हिवाळी टायर हवेतच, यावर माझे आणि चाकोरींचे एकमत आहे. माझा आग्रह एवढाच की हिवाळी टायर अधिक उंची हे त्याहूनही चांगले.

यंत्रवेल

घाटपांथस्थ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. फक्त उंची आणि चारचाकी ताकद मिळवायला गाडी मोठीच हवी असे नाही. सुबारूच्या इम्प्रेझा आणि क्रॉसट्रेक या दोन गाड्या पाहा. दोन्ही एकाच सांगाड्यावर बेतलेल्या आणि आकाराने जवळपास सारख्या आहेत. पण एकीचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १३ सेंटीमीटर, तर दुसरीचा सुमारे २२. अनेक मोठ्या एसयूव्हींनाही तेवढा नसतो. फियाटने तर १९८३ सालीच पांडासारख्या चिमुकल्या गाडीला चारचाकी ताकद दिली होती आणि ती आल्प्समधल्या गावांत आजही फिरताना दिसते.

एक व्यावहारिक सूचना मात्र लक्षात ठेवावी. ऑल-व्हील ड्राइव्हच्या बऱ्याच गाड्यांना चारही टायर जवळपास सारखेच झिजलेले लागतात. एखादा टायर फाटला आणि उरलेले निम्मे झिजलेले असतील, तर पुष्कळदा चारही बदलावे लागतात, नाहीतर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. फ्रंट-व्हील ड्राइव्हच्या गाडीत हा जाच बराच कमी असतो.

निळी_वाट

इलेक्ट्रिक गाडीचे कोणी काही लिहील का? आम्ही मोठ्या डिझेल गाडीवरून लहान इलेक्ट्रिक गाडीवर जाण्याचा विचार करत आहोत.

मध्यमगती

आमच्याकडे आहे. जड बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी रस्त्याला धरून चालते, आणि मोटरची ताकद फार बारकाईने नियंत्रित होत असल्यामुळे निसरड्यावर निघताना चाके क्वचितच सुटतात. पण कडाक्याच्या थंडीत एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर लक्षणीय घटते, आणि आतली हवा गरम ठेवायला तीच बॅटरी खर्ची पडते. निघण्याआधी चार्जर लावलेला असतानाच गाडी गरम करून घेतली तर बराच फरक पडतो. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे पाय उचलला की आपोआप वेग कमी होणे, काळ्या बर्फावर (रस्त्यावरच्या सहज न दिसणाऱ्या पारदर्शक बर्फाच्या थरावर) सौम्य ठेवावे. जोरात ठेवले तर पाय उचलताच चाके घसरू शकतात. आणि ग्राउंड क्लिअरन्स नीट पाहावा, कारण पोटाशी बॅटरी असते.

मूळ प्रश्नाकडे येतो. शिशिराताईंची गल्ली चढावर आहे आणि त्याबद्दल अजून कोणी नेमके लिहिलेले नाही. आमचे घरही चढावरच आहे आणि फ्रंट-व्हील ड्राइव्हची गाडी आम्ही तिथे अनेक हिवाळे चालवली. सपाटीवर या गाड्यांना इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर असल्याचा फायदा मिळतो. चढावर गाडी मागे कलते, भार मागच्या चाकांकडे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. म्हणजे जिथे पकड सर्वांत जास्त हवी तिथेच ती कमी होते. म्हणून चढ सुरू होण्याआधी सपाटीवर थांबून वरचा रस्ता मोकळा आहे का ते पाहायचे, मग बेताचा एकसारखा वेग धरायचा आणि वर पोहोचेपर्यंत अॅक्सिलरेटर ना दाबायचा ना सोडायचा. मध्येच थांबावे लागले तर पुन्हा निघण्याचा हट्ट न करता सावकाश मागे येऊन पहिल्यापासून सुरुवात करणे बरे.

जुने चालक एक युक्ती सांगतात आणि ती खरोखर चालते. रहदारी नसलेल्या छोट्या चढावर फ्रंट-व्हील ड्राइव्हची गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवायची. मग ताकद देणारी चाके उताराच्या बाजूला येतात, भार त्यांच्यावर पडतो आणि ती घट्ट धरतात. मागे नीट दिसत असेल आणि गल्लीत मुले खेळत नसतील तरच हे करावे.

उतरताना मात्र कोणत्याही गाडीला सवलत नाही. चढाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकून चालण्याच्या वेगाने उतरायचे. मला तर चढण्यापेक्षा उतरण्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण चढता आले नाही तर गाडी जागच्या जागी राहते. उतारावर घसरली तर ती खालच्या चौकातच थांबते.

अपर्णा_द

मध्यमगती, हा प्रतिसाद मी जपून ठेवत आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते. गाडी लहान असो वा मोठी, बर्फात अडकली आणि आत बसून इंजिन चालू ठेवायचे असेल, तर आधी उतरून सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे पाहावे. ते बुजले तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. बसक्या गाडीचे सायलेन्सर खाली असते, त्यामुळे ते लवकर बुजते.

चाकोरी

फार महत्त्वाचे लिहिले आहे. त्यासाठीच डिक्कीत लहान फावडे हवे. जोडीला वाळूची पिशवी, ब्लँकेट आणि टॉर्च. चाके जागीच फिरत असतील तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरते बंद करून गाडी हळूहळू पुढे-मागे झुलवावी, कारण ती यंत्रणा चाक सुटताच ताकद कापते आणि खड्ड्यातून बाहेर पडायला लागणारा जोर मिळत नाही. बाहेर पडल्यावर ते आठवणीने पुन्हा चालू करावे.

पहाटवारा

शिशिराताई, एक सुचवू का? एसयूव्ही अजून दाराशी आहे, तर हा हिवाळा निरीक्षणात घालवा. एका काठीवर दोन खुणा करा, एक तुमच्या मनातल्या लहान गाडीच्या पोटाच्या उंचीवर आणि एक सध्याच्या गाडीच्या. ज्या सकाळी गल्ली साफ नसेल, त्या सकाळी निघण्याआधी ती काठी गल्लीतल्या बर्फात रोवून पाहा. उंचीचा प्रश्न तुमच्या गल्लीपुरता वसंतापर्यंत सुटलेला असेल, आणि घरातला वादही मोजमापावर येईल.

शिशिरा

मंडळी, हिवाळा सरत आला, म्हणून धागा वर काढते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आस्थेने लिहिलेत की त्याची परतफेड माहितीनेच करायला हवी.

पहाटवारा यांनी सांगितलेली काठी यजमानांनी स्वतः तयार केली, त्यावर लाल आणि निळ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या, आणि निघण्याच्या वेळी ती रोवून पाहण्याचे काम सबंध हिवाळाभर त्यांनीच केले. गल्लीतला बर्फ लहान गाडीच्या खुणेच्या वर फार थोड्या सकाळी गेला. मोठ्या गाडीच्या खुणेच्या वर तो जेमतेम एकदाच पोहोचला, आणि त्या दिवशी सगळे शहरच बंद होते. ज्या सकाळी बर्फ दोन खुणांच्या मध्ये होता, म्हणजे एसयूव्ही निघाली असती आणि लहान गाडी अडली असती, त्या मोजक्याच होत्या आणि त्यांतल्या बहुतेक वेळा दुपारच्या आत प्लाऊ येऊन गेला.

घाटपांथस्थ यांनी वर्णन केलेल्या बांधाने आम्हाला चकित केले. आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी तो दर वेळी दोन्ही खुणांच्या वर होता. म्हणजे आमच्या बाबतीत तो बांध कुठलीही गाडी असली तरी फावड्यानेच उपसावा लागणार आहे. तुमच्याकडे प्लाऊ बहुधा वेगळ्या कोनातून जात असावा.

आता यजमानही लहान गाडीला तयार झाले आहेत, पण त्यांनी एक मागणी ठेवली आहे आणि ती मला रास्त वाटते. गाडी बसकी सेडान नसावी, ग्राउंड क्लिअरन्स किमान १७ सेंटीमीटर असावा. सासूबाई जाड कोट घालून तीन गाड्यांत बसून आल्या. त्यांना उंच आसनाची हॅचबॅक सर्वांत सोपी गेली आणि सुदैवाने ती या मापातही बसते. ती फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्येही. चढाच्या मुद्द्यावर आम्ही अजून अडलो आहोत.

मध्यमगती

तुमचा चढ किती लांब आहे, आणि तो सुरू होण्याआधी सपाट जागा आहे का? वेग धरायला सपाटी असेल तर उत्तम हिवाळी टायर लावलेली फ्रंट-व्हील ड्राइव्हची गाडी पुरेशी ठरावी. चौकातून वळताच चढ लागत असेल तर मी ऑल-व्हील ड्राइव्ह घेईन.

शिशिरा

चौकातून वळल्याबरोबर चढ आहे. खाली थांबण्याची खूणही आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी शून्यातूनच सुरुवात होते.

घाटपांथस्थ

मग तुमचा प्रश्न सुटला. ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या. काठीचा निकाल मी मनापासून मान्य करतो. तुमच्या गल्लीला उंचीपेक्षा चढावरच्या पकडीची गरज जास्त आहे आणि ती लहान गाडीतही मिळते.

चाकोरी

सहमत, आणि तरीही चारही हिवाळी टायर. ऑल-व्हील ड्राइव्ह आली म्हणून ते टाळू नका, कारण तोच चढ रोज उतरायचाही आहे.

शिशिरा

टायर ठरलेलेच आहेत. शेवटचा प्रश्न. गाडी १८ इंची रिमवर येते. विक्रेता हिवाळ्यासाठी १६ इंची रिमवर अरुंद टायर सुचवतो आहे. हे योग्य आहे का?

यंत्रवेल

बहुतेक वेळा योग्यच असते. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ आणि रस्त्यावरचा लगदा कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगतो. निव्वळ काळ्या बर्फावर रुंदीचा फारसा लाभ किंवा तोटा नाही, तिथे रबर आणि चिरा महत्त्वाच्या. लहान रिमवरच्या टायरची बाजूची भिंत उंच असते, त्यामुळे बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी होते. वेगळ्या रिमवर टायर कायमचे बसवून ठेवले की दर ऋतूत नुसती चाके बदलायची, टायर उतरवण्या-चढवण्यात त्याच्या कडा खराब होत नाहीत, आणि दोन्ही संच आलटून-पालटून वापरल्यामुळे जास्त वर्षे टिकतात.

पैसे देण्याआधी मात्र तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या. १६ इंची रिम तुमच्या मॉडेलच्या पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून (चाकाच्या आतल्या, ब्रेक आवळणाऱ्या भागावरून) मोकळी फिरते का, हे त्याने प्रत्यक्ष बसवून पाहिलेले असावे, कारण ऑल-व्हील ड्राइव्हच्या प्रकाराला कधीकधी मोठे ब्रेक असतात. टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो हे दाखवणारा आकडा, गाडीच्या नियमपुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी नसावा. आणि नव्या रिममध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर बसवलेले असावेत. तापमान ५-६ अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) कमी होतो, त्यामुळे पहिली कडक थंडी पडली की त्या सेन्सरचा दिवा पुष्कळदा लागतो. तो लागला की चाके थंड असतानाच हवा भरून घ्या, आणि त्यासाठी चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला १६ इंची मापाचा आकडा पाहा, १८ इंचीचा नव्हे.